लिमोराच्या हौदाची किल्ली

आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी हिवरखेडच्या शिवारात समुद्र येतो. खोटं वाटत असेल त्यानं वैशाखात भर उन्हात ताथोडांच्या शेताच्या धुऱ्यावर उभं राहून सातपुड्याकडे पाहावं. काळी जमीन हलायला लागते, भेगांमधून पाणी वर चढतं आणि जरा वेळानं लाटासुद्धा ऐकू येतात. महादेवराव ताथोडांना त्या दरसाल ऐकू येत; थोरला भाऊ श्यामराव गणिताची मास्तरकी करायला लिमोरा बेटावर निघून गेला, त्या वर्षापासून. घरच्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवणं केव्हाच सोडलं होतं. यंदा मात्र त्या समुद्रात महादेवरावांना एक पांढरी होडी दिसली. होडी डुलत डुलत जवळ आली, बाभळीपाशी तिला चाकं फुटली आणि ती नागपूरहून आलेली टॅक्सी निघाली.

टॅक्सीतून लिमोरा देशाच्या पंतप्रधान उतरल्या.

"काका, काहून असे उन्हात उभे? डोस्कं तापन ना!"

श्यामरावाची ही लेक, तारा, बेटावरच जन्मलेली. मराठी तिला एकट्या बापाकडून मिळालेली, आणि बापानं गाव सोडलं तेव्हाची. त्यामुळे हिवरखेडमधून गेलेली वऱ्हाडी त्या बेटावर लोणच्यासारखी मुरून टिकली होती. तिच्या तोंडचे काही शब्द तर गावात आता म्हाताऱ्यांनाच कळत. मागोमाग तिचा अंगरक्षक उतरला. सहा फुटी, दांडगा. त्यानं ऊन पाहिलं, कडुनिंब पाहिला, आणि सावलीत बाज दिसताच देशाची सुरक्षा ताथोडांवर सोपवून तो झोपी गेला.

श्यामराव मागच्या पावसाळ्यात तिकडेच वारला होता. आज त्याच्या नावानं पहिली घागर भरायची, म्हणून तारा आली होती. पिशवीत तिनं बाटलीभर पाणी आणलं होतं.

स्वयंपाकघरात पार्वताबाईंनी ती बाटली उजेडात धरून पाहिली. पार्वताबाई म्हणजे महादेवरावांच्या घरधनीण. या घरात पुरणाच्या पातेल्यापासून पंचायतीच्या निवडणुकीपर्यंत काहीही त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय शिजत नसे.

"गोडं हाय का हे?"

"गोडं हाय काकू. आमच्या हौदातलं."

"चारी बाजूनं समुद्र, अन् पानी गोडं?"

"पावसाचं हाय. नदी नाई, हीर नाई. सारा देश एका हौदावर जगते."

पार्वताबाईंनी बाटली दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवली. त्यांचं माहेर पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीला पाणी हातभरावर, पण तोंडात घेतलं की थुंकून टाकावं असं. लहानपणी त्यांनी तांब्याभर गोड्या पाण्यासाठी कुलूपबंद टाक्यापुढे उभं राहून काढलेल्या सकाळी अजून त्यांच्या स्वप्नात येत. या पोरीचा देश त्यांना एका क्षणात कळला. जो नकाशात कुणाला सापडत नव्हता, तो त्यांना आपल्या माहेराच्या शेजारी लागला.

मग त्यांची नजर ताराच्या कमरेकडे गेली. काळ्या गोफात एक पितळी किल्ली लोंबत होती. चांगली वीतभर.

"कोठीची?"

"देशाची," तारा म्हणाली आणि कुरडया तळायला बसली.

*

पंगत बसली. श्यामरावाचं पान भिंतीशी मांडलेलं, त्यापुढे घागर, घागरीवर खरबूज. बाटलीतलं पाणी आधी घागरीत ओतलं, वरून विहिरीचं. रस, पोळ्या, वडे, चिंचवणी. बाहेर ऊन इतकं की कावळासुद्धा घास घेऊन चालत गेला, उडाला नाही.

आचलला मात्र भूक नव्हती. तिला प्रश्न होते. ही महादेवरावांची नात अमरावतीला राजापेठेत, खाली झेरॉक्स आणि वर क्लास अशा एका इमारतीत, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना राज्यशास्त्र शिकवते. पंतप्रधानांचे अधिकार ती वर्षातून चार वेळा फळ्यावर लिहीत आली होती. पंतप्रधान समोर बसून कुरडई मोडताना ती प्रथमच पाहत होती.

"आत्या, आम्ही शिकवतो की पंतप्रधान म्हणजे समानांतला पहिला. तुमच्याकडेही तसंच ना?"

"आमच्याकडे समानांतला शेवटला, पोरी."

"म्हणजे?"

"आयक. पयले तिथं साहेब व्हता. तोफ त्याच्यापाशी, झेंडा त्याच्यापाशी. पन हौदाची किल्ली व्हती त्याच्या खानसाम्यापाशी. एक दिवस साहेब गेला, झेंडा घेऊन गेला, तोफ जड म्हून इसरला. लोकं म्हने, आता राजा कोन? तं ज्याच्यापाशी किल्ली त्याच्या दारात गेले. खानसामा भजे तळून राह्यला व्हता. त्यानं हात पुसले, हौद उघडला, साऱ्यायले पानी वाटलं, अन् सारे पेल्यावर मंग आपन पेला. तोच पयला पंतप्रधान."

"भजे खाऊन झाल्यावर का आधी?" महादेवरावांनी विचारलं. अशा बाबतीत ते फार काटेकोर.

"आदी, काका. भजे थंडे झाले. तवापासून आमच्याकडे शपथ झाल्यावर थंडे भजे वाटतात."

महादेवरावांनी मान डोलावली. इतकी चांगली गोष्ट आपण रचली नाही, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

"दुसरा पंतप्रधान पोहता पोहता किल्ली समुद्रात हरवून बसला," तारा पुढे म्हणाली. "सारी लोकसभा बुडी मारून शोधे. विरोधी पक्षाले सापडली, तं सरकार पडलं. तिसऱ्यानं गळ्यात बांधली. त्याची मान वाकडी झाली, तं नोटेवरच्या फोटोतबी वाकडीच हाय."

"आणि तुम्ही परदेशात असलात, आजारी पडलात, तर? किल्ली कुणाकडे?"

"घटनेत लिवलं हाय, हौद उघडा ठेवूनच किल्ली भायेर न्याची. घटना पातळ हाय आमची, बसमधी बसल्या बसल्या वाचून व्हते. पंतप्रधान ज्या घरी उतरला त्या घरात जो सगळ्यायच्या मागून जेवते, त्याच्यापाशी किल्ली ठेवाची. मंग किल्ली परत नेईपर्यंत तोच पंतप्रधान."

"त्या घरात म्हणजे... लिमोरातल्या?"

"घर कुठचं ते लिवलंच नाई. लिवनाऱ्याले वाटलं, बेटाभायेर कोन जाते?"

सगळे हसले. पार्वताबाई हसल्या नाहीत. त्या वाढत होत्या.

तेवढ्यात ताराचा फोन वाजला. ती उठून ओसरीवर गेली. बेटाची बोली, मधेच शांतता, पुन्हा बोली. परत आली तेव्हा रस तिला गोड लागेना.

नितेशनं विचारलं, "काय झालं, ताराताई?"

नितेश म्हणजे महादेवरावांचा मुलगा, आचलचा बाप. बहीण पंतप्रधान झाल्यापासून तो अकोल्यात कुठंही गेला की आधी खुर्ची पुसून घ्यायचा. हिवरखेडच्या वेशीवर त्यानं लोखंडी कमान बसवायला घेतली होती: 'लिमोरा देशाच्या पंतप्रधान मा. ताराताई ताथोड यांचे गाव'. लोखंड कापून झालं होतं, अक्षरं जोडून झाली होती, रंग तेवढा राहिला होता.

"सोमवारी माह्यावर अविश्वास येऊन राह्यला," तारा म्हणाली. "एका मतावर सरकार हाय माहं. ते मत ज्याचं, तो माहा अर्थमंत्री. तो म्हनते, हौद भायेरच्या कंपनीले दे. पन्नास वर्सासाठी. सही केली तं मत तुले. नाई केली तं सोमवारी घरी जाय."

"कंपनी काय करन हौदाचं?" पार्वताबाईंनी विचारलं.

"मीटर लावन."

पार्वताबाईंच्या हातातला डाव पातेल्यावर जरा जोरात आपटला.

"मंग कर ना सही!" नितेश म्हणाला. "खुर्ची राह्यली तं पुढं मीटर काढता येते. खुर्ची गेली तं काय करशीन? माजी म्हनतीन लोकं. माजी!" त्या शब्दासाठी कमानीवर जागाच नव्हती, हे तो बोलला नाही.

"बाबा, असं कसं? पाणी कुणी विकतं का?" आचल तडकली.

"तू राजापेठेत बाटली इकतच घेतं ना? का हीर खोदली क्लासमधी?"

"माय, बोल ना तू," ताराने पार्वताबाईंकडे पाहिलं. तिच्या तोंडून 'माय' कसं निघालं ते तिलाही कळलं नाही.

"मी काय बोलू? थकली दिसून राह्यली तू. सोड ते सारं. इथं ये. खोल्या पडल्या हायत रिकाम्या." आणि मग, पातेल्यात पाहत, "पन कुलूपबंद टाक्यापुढं उभं राहनं काय राह्यते, ते मी भोगलं हाय. तेवढं सांगून ठेवते."

अशा रीतीनं घरात दोन पक्ष झाले आणि पार्वताबाई दोन्हींकडून मतदान करून मोकळ्या झाल्या.

"भांडू नोका," महादेवराव म्हणाले. "संध्याकाळी घट मांडतो. सकाळी तोच सांगन."

*

साल कसं जाणार ते सांगणारी भेंडवळची घटमांडणी मोठी, तिथं गर्दी होते. ताथोडांची घरगुती. आखजीला दिवस बुडताना वावरात खड्डा, खड्ड्यात घागर, भोवती गोल करून धान्याच्या चिमट्या: तूर, मूग, ज्वारी, सरकी. घागरीवर पापड आणि वडा. आणि समोर पानाचा विडा, त्यावर सुपारी. सुपारी म्हणजे राजा. सकाळी ती हलली असेल तर राजाची गादी हलणार. जागची जागी असेल तर राजा राहणार. ही सुपारी आपल्या देशाच्या राजाची, असं आजवर चालत आलं होतं. तीन वर्षांपूर्वी तारा पंतप्रधान झाली आणि महादेवरावांनी घटासमोर हात जोडून कुणाला न विचारता जाहीर केलं, "यंदापासून विडा लिमोराचा."

"अन् आपल्या देशाचं काय?" गावातल्या देवीदासनं विचारलं होतं.

"त्याले पाहाले लोकं कमी हायत का? त्या पोरीले आपल्याशिवाय कोन हाय?"

तेव्हापासून वऱ्हाडातल्या एका वावरात दरसाल एका परक्या देशाचं भविष्य मांडलं जात होतं. त्या देशाला याची खबर नव्हती. असती तरी त्यांनी आभार मानले असते की युद्ध पुकारलं असतं, सांगता येत नाही.

ऊन उतरलं. सातपुडा निळा झाला, मग जांभळा. भेगाळलेली जमीन श्वास सोडत होती. पंगतीतली तीच घागर मांडताना महादेवरावांनी तिला कान लावला.

"काय आयकता, काका?"

"तुह्या बापाची शाळा सुटून राह्यली. पोट्टे कालवा करत हायत."

ताराने खाली बसून कान लावला. आत पाणी हलत होतं, एवढंच. पण त्या पाण्यातली बाटलीभर ओल तिच्या बेटावरच्या पावसाची होती, आणि बाप दर पावसात अंगणात उभा राहून म्हणायचा, 'माह्या वावरावर पडला असन का?' ती तशीच कान लावून राहिली. तिला वाटलं, उद्या घटानंच सांगावं. राहा म्हणाला तर सही करू, जा म्हणाला तर जाऊ. आयुष्यात एकदा तरी आपल्याऐवजी दुसऱ्या कुणी ठरवावं. मग ते मातीचं का असेना.

सगळे घराकडे वळले. नितेश मागे राहिला. चप्पल नीट करायला म्हणून तो वाकला. वारा सुटला होता, विड्याचं पान फडफडत होतं, आणि त्याच्या डोळ्यांपुढे लोखंडी अक्षरं. जेवणानंतर तोंडात टाकायला म्हणून घेतलेला गुळाचा खडा खिशात उन्हानं पार मऊ झाला होता. नितेशनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सुपारी उचलली, खाली गूळ दाबला, सुपारी वर बसवली. पान मातीला चिकटवायलाही थोडा गूळ लावला. मग बोटं चाटत, सरकार स्थिर करून, तो घरी गेला.

*

सकाळी सूर्य अजून वर यायचा होता. वावर दुधाळ उजेडात तरंगत होतं. सगळे धुऱ्यावरून एका मागे एक आले.

"हालली नाई!" नितेश सगळ्यांच्या पुढे धावला. "पाहा, पाहा! राजा जाग्यावर हाय!"

महादेवराव आले, वाकले, आणि तसेच वाकून राहिले.

सुपारी जागेवर होती. पण ती सुपारी आहे, हे सांगावं लागलं असतं. भेगांमधून मुंगळ्यांच्या रांगा आल्या होत्या, चारी दिशांनी, जशा कुण्या राजधानीकडे वाटा येतात. विडा काळा झाला होता, हलत होता, सरसरत होता. पानाची कड कुरतडून जाळी झाली होती. मुंगळे सुपारीवर चढत होते, घसरत होते, पुन्हा चढत होते. जाता जाता तुरीची आणि मुगाची चिमूटही त्यांनी निम्मी उचलली होती. राजा मात्र मधोमध ठाम.

महादेवरावांनी मुंगळे झटकून विड्याला बोट लावलं. बोट जिभेला लावलं.

"गोड लागते," ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा एकदा चाखून पाहिलं.

"इतके घट पाह्यले. राजा गेलेला पाह्यला, राजा राह्यलेला पाह्यला. गुळाचा राजा पयल्यांदा पाहून राह्यलो."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू नितेशच्या खिशाकडे गेल्या. खिशाला बाहेरून एक मुंगळा चिकटला होता.

"आबा," आचलनं हसू दाबत विचारलं, "आता याचा अर्थ काय लावायचा?"

"लावाचा काय? दिसून राह्यला ना. राजा राहते. कोनी हालवू शकत नाई. त्यालेबी हालता येत नाई. मुंग्या अंगावर चढतात, शेजारची तूर जाते, मूग जाते, तरी राजा आपला बसलेला." महादेवरावांनी घागरीवरचा पापड उचलून बाजूला ठेवला. "अन् पानी पाहा. घागर पाझरली हाय, पन पानी हाय. त्याले कोनी हात लावला नाई."

ताराला आधी हसू आलं. ती इतकी हसली की निंबाखालचा अंगरक्षक दुरूनच उठून बसला. मग ती मुंगळ्यांकडे पाहत राहिली. सही करून राहिलेली आपण कशी दिसू, ते तिला त्या विड्यात इतकं स्पष्ट दिसलं की आरशातही दिसलं नसतं.

तिनं फोन लावला. बेटाच्या बोलीत चारच वाक्यं बोलली.

"काय म्हनली?" नितेशनं विचारलं.

"म्हनलं, सही नाई करत. घ्या मत सोमवारी."

"हारशीन ताई!"

"हारीन, बाप्पा."

"अन् नवा येऊन हौद देऊन टाकन. मंग काय फायदा?"

"हौद देतानाबी किल्ली घेनाऱ्याच्या हातात ठेवावी लागते, नितेश. कागदानं नाई देता येत. खानसाम्यानं पक्कं करून ठेवलं."

"मंग तो तुह्याकडून किल्ली मागन!"

"मागू दे."

पार्वताबाईंनी घागरीत तांब्या बुडवला. घटाचं पाणी सगळ्यांनी एकेक घोट प्यायचं, हा घरचा रिवाज. महादेवराव प्यायले. नितेशनं खाली मान घालून घेतलं. आचल, मग अंगरक्षक, मग तारा. पार्वताबाईंनी तांब्या उलटा करून तळातला उरलेला घोट तोंडात सोडला आणि पदरानं ओठ टिपले. काल पंगतीतही त्या अशाच सगळ्यांमागून, उभ्या उभ्या जेवल्या होत्या. गेली साठेक वर्षं. कुणी पाहिलं नव्हतं, कारण ते पाहण्यासारखं आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

ताराने कमरेचा गोफ सोडला.

"काकू, हात पुढं कर."

"काहून?"

"कर तं खरं."

वीतभर किल्ली पार्वताबाईंच्या ओल्या तळव्यावर पडली. आचल पुढे झाली. "आत्या! म्हणजे घटनेप्रमाणे आजी आता..."

"लिमोराची पंतप्रधान. काळजीवाहू."

पार्वताबाईंनी किल्लीचं वजन हातात तोललं. "काळजी तं मी कवाची वाहून राह्यली," त्या म्हणाल्या. "किल्ली आत्ता आली."

*

सोमवारी तारा तिकडे बेटावर एका मतानं हरली. मंगळवारी नितेशनं कमान रंगवली. 'माजी'साठी जागा नव्हतीच, म्हणून त्यानं नुसतं 'ताराताई ताथोड यांचे गाव' ठेवलं, आणि नवल असं की ते जास्त चांगलं दिसलं.

बुधवारी दुपारी, पुन्हा समुद्र येण्याच्या वेळेला, फोन आला. आचल अमरावतीला परतायला निघाली होती, तीच धावली. पलीकडे लिमोराचे नवे पंतप्रधान स्वतः होते. आधीचे अर्थमंत्री. फार अदबीनं बोलत होते. त्यांना शपथ घ्यायची होती, भजी तळून थंड झाली होती, आणि किल्लीशिवाय काहीच पुढे सरकत नव्हतं.

"आजी, ते म्हणतात, किल्ली कुरिअरनं पाठवा."

पार्वताबाई कोठीजवळ बसून ज्वारी निवडत होत्या. मागच्या खुंटीला दोन किल्ल्या होत्या. एक कोठीची, एक देशाची. आणि नवख्या माणसाला कोणती कुठली ते सांगता आलं नसतं.

"त्यायले म्हन, पाठवत नाई. न्याले या. आल्यासारखं जेवून जा. पंगतीले बसा सगळ्यायच्या संगं." त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मी पाहीन, शेवटी पानी कोन पेते. त्याले देईन."

आचलनं तसंच्या तसं सांगितलं. तिनं फोन कानाशी घट्ट धरला, मग ओसरीवर बसलेल्या महादेवरावांच्या कानाशी नेला.

फोनमधून नुसत्या लाटा ऐकू येत होत्या.

"आयकल्या?" महादेवराव म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. "अन् मले येड्यात काढत व्हते सारे."